‘लघवी झाली का?’ : एका प्रश्नाचा इतिहास

वसईतील एखाद्या रुग्णालयाच्या वॉर्डात संध्याकाळी क्षणभर उभे राहा. सकाळी हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या आजोबांच्या खाटेशी सिस्टर येतात आणि विचारतात, “आजोबा, लघवी झाली का?” भोवती सून, नातवंडे, समाचाराला आलेले शेजारी. आजोबा “होईल, होईल” म्हणत भिंतीकडे तोंड फिरवतात. आजचा धागा या प्रश्नाविषयी. तो वाटतो त्याहून फार जुना आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील सातवा अध्याय मुतखड्याचा. (मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने डल्हणाच्या टीकेसह ही संहिता १९१५ साली छापली, संपादक यादवजी त्रिकमजी आचार्य.) खडा कसा काढावा हे त्यात आहेच; पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यापुढचे. खडा निघाल्यावर रुग्णाला कोमट पाण्याच्या द्रोणीत बसवावे, म्हणजे मूत्राशयात रक्त साचत नाही. तरीही साचले, तर वड-पिंपळासारख्या चीक असलेल्या वृक्षांचा काढा नळीवाटे आत सोडून ते धुवावे. मूत्रमार्ग स्वच्छ व्हावा म्हणून गूळ खायला द्यावा. आणि सात रात्री वाट पाहावी. तोवर मूत्र जखमेतून न येता आपल्या स्वाभाविक मार्गाने येऊ लागले नाही, तर जखमेला डाग द्यावा. म्हणजे खडा हाती आला तरी वैद्याचे काम संपत नसे. मूत्र वाटेला लागले की संपे.

याच ग्रंथाच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे, म्हणजे मूत्र अडण्याचे, १२ प्रकार दिले आहेत. त्यांतील ‘मूत्रजठर’ वेग दाबून धरल्याने होतो आणि बेंबीखाली पोट फुगते. प्रागमध्ये १६०१ साली खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे मेजवानीतून उठणे अशिष्ट म्हणून बसून राहिला. घरी गेल्यावर लघवी होईना, आणि ११ दिवसांनी तो मरण पावला. त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली नव्हती, हे खरे. पण संकोच तोच, आजोबांचा.

मूत्र अडले की नळी घालावी, हे ज्ञान जुनेच. अडचण नळीच्या कडकपणाची होती. धातूची सरळ नळी वाकड्या मार्गात घालणे म्हणजे रुग्णाला यातना आणि नवी जखम. चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला १७३९ साली. त्यानंतर १३ वर्षांनी, १७५२ साली, बेंजामिन फ्रँकलिनने मुतखड्याने त्रासलेल्या आपल्या भावासाठी चांदीच्या सांध्यांची लवचीक नळी करवून घेतली. पुढे गंधक घालून पक्के केलेले रबर आले आणि १८६०च्या सुमारास पॅरिसचे शल्यविशारद नेलातों यांनी मऊ रबरी नळी रूढ केली. पॅरिसचेच उपकरणकार शारिएर यांनी जाडीचे माप ठरवले : १ मिलिमीटरचे ३ भाग. वॉर्डात “१६ नंबर आणा” असा आवाज ऐकू येतो तो याच मापाचा; ती नळी ५.३ मिलिमीटर जाडीची असते.

मग ऑगस्ट बिअर. १८९८ साली जर्मनीतील कील येथे त्यांनी पाठीच्या कण्यात औषध टोचून कमरेखालचा भाग बधिर केला. शस्त्रक्रियेचे दुःख गेले, पण मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसाही त्याच बधिरतेत सापडल्या. मूत्राशय भरते, रुग्णाला कळत नाही. पायांत हालचाल परतली तरी मूत्राशय आणखी काही वेळ झोपलेलेच असते. त्यात मॉर्फिनसारखी वेदनाशामके, वयाने वाढलेली प्रोस्टेट, किंवा मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतर आवळून बसलेले स्नायू. मूत्राशय साधारण ४०० ते ६०० मिलिलिटर सामावते. त्याहून पुष्कळ अधिक, तासन्‌तास ताणले गेले तर त्याचा स्नायू दुबळा होतो, प्रसंगी कायमचा.

आज सर्वत्र दिसणारी, टोकाला फुगा असलेली नळी अमेरिकेतील मिनेसोटाचे फ्रेडरिक फोली यांची. तिचा मूळ हेतू लघवी काढण्याचा नव्हताच. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव फुग्याने दाबून थांबवावा, असा होता. सुश्रुताची द्रोणीही त्याच रक्तासाठी होती! १९३०च्या दशकात फोलींनी नळी सिद्ध केली. पेटंट मात्र डेव्होल रबर कंपनीच्या पॉल राईश यांना मिळाले आणि फोली न्यायालयात हरले. नाव तेवढे राहिले. परिचारिका आजही “फोलीज” म्हणतात.

नळी सोपी झाली आणि ती राहू देण्याची सवय लागली. आत राहिलेल्या प्रत्येक दिवसागणिक जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हे पुढे ध्यानात आले. म्हणून आता ती शक्य तितक्या लवकर काढतात. गरज वाटल्यास आधी पोटावर सोनोग्राफीचे यंत्र ठेवून आत किती साचले आहे ते पाहतात.

त्याही आधी अनुभवी सिस्टर एक करतात. पाहुण्यांना बाहेर पाठवतात, पडदा ओढतात, परवानगी असेल तर आजोबांना आधार देऊन उभे करतात, आणि न्हाणीघरातला नळ सोडून ठेवतात.