छिद्रांतून शिरणारी हवा

साखळी ओढल्यावर आगगाडी कां थांबते, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं वडिलांस विचारला असेल. आम्हीं तो जलंबच्या फलाटावर, खामगांवच्या गाडीची वाट पाहत असतां, विचारला होता. "हवा आंत शिरते म्हणून," एवढेंच उत्तर मिळालें. तें खरें होतें. पण किती हवा शिरते, हें सांगावयास विद्वानांस दोन शतकांहून अधिक काळ लागला.

जलंब-खामगांव हा सुमारें ८ मैलांचा फांटा १८७० सालीं लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितींत सुरू झाला, तो खामगांवच्या कापसासाठीं. त्या काळीं इंजिनवाल्यानें शिटी द्यावी आणि गार्डानें हातानें चक्र फिरवावें, यावरच भिस्त असे. पुढें व्हॅक्यूम ब्रेक निघाला. त्याच्या पहिल्या, साध्या प्रकारांत नळींतील हवा उपसली म्हणजे ब्रेक लागे. अर्थात् नळी तुटली कीं ब्रेकच नाहींसा! १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांत आर्मा येथें रविवारच्या शाळेच्या मुलांची गाडी चढावर अडली. ती मध्येंच सोडून दोन भाग करतांच मागले डबे उतारानें घसरले व पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारें ८० माणसें मेलीं. त्यांत मुलें पुष्कळ होतीं. त्याच वर्षीं ब्रिटनमध्यें उतारूंच्या गाड्यांस स्वयंचलित ब्रेक सक्तीचा झाला. यांत गोष्ट उलटी असते: हवा सदैव उपसलेली ठेवावयाची, ती आंत शिरली, मग साखळीनें शिरो वा नळी तुटून, कीं ब्रेक लागतो. हिंदुस्थानांत हाच प्रकार रूढ होऊन विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालला.

पण शंभर सांध्यांतून थोडी थोडी हवा शिरतच असते. ती सतत उपसली नाहीं तर गाडी भर रानांत अडून बसेल. मग उपसा किती हवा? टॉरिचेलीनें १६४४ सालीं पाण्याच्या धारेचा नियम प्रसिद्ध केला, बर्नुलीनें १७३८ सालीं तो हवेस लावला. दाबांतील अंतर वाढेल तसा प्रवाह वाढावा, हें कोणासही पटेल. परंतु १८३९ सालीं सें-व्हेनां आणि वांत्सेल या फ्रेंच गणित्यांना नवल दिसलें. जुन्या सूत्राप्रमाणें पलीकडे पूर्ण निर्वात असतां प्रवाह शून्य येई! हें असंभाव्य म्हणून त्यांनीं ठरविलें कीं, पलीकडचा दाब अलीकडच्या सुमारें निम्म्यावर आला कीं प्रवाह वाढावयाचा थांबतो. कारण रेनॉल्ड्सनें १८८६ सालीं उलगडलें: छिद्रांत हवेचा वेग ध्वनीइतका झाला कीं पलीकडे दाब घटल्याची वार्ता प्रवाहाविरुद्ध अलीकडे येऊंच शकत नाहीं.

आतां ब्रेकचा हिशेब पाहा. समुद्रसपाटीवर बाहेरचा दाब पाऱ्याचे ३० इंच. नळींत २१ इंच निर्वात केला तर आंत उरले ९. निम्म्याहून पुष्कळ कमी! म्हणून आंतला दाब सुमारें १६ इंचांपर्यंत चढेतों गळती एकाच वेगानें चालते; १ सेंटिमीटर व्यासाच्या छिद्रांतून सेकंदास फार तर १९ ग्रॅम हवा. उपसा तितका असला म्हणजे पुरे. उलट, छिद्राचें माप ठाऊक असेल व घड्याळ हातीं असेल, तर नळींतील दाब कोणत्या क्षणीं किती, हें कागदावर काढतां येतें. गार्डाच्या डब्यांतील तबकडीवरचा कांटा तेंच दाखवी.

आज नळींत निर्वात नसून दाबलेली हवा असते. साखळी ओढली कीं ती सूं करीत बाहेर पडते, आणि आरंभीं तरी ध्वनीच्याच वेगानें.