'शाळा' : नववीच्या वर्षाची कादंबरी

मराठीत बालसाहित्य विपुल आहे आणि महाविद्यालयीन जीवनावरील कादंबऱ्यांचीही वानवा नाही. मात्र या दोहोंमधले तेरा ते सोळा वर्षांचे वय आपल्या कथात्म साहित्यात क्वचितच मध्यवर्ती आले. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'चा (१९६३) नायक वसतिगृहात राहणारा विद्यार्थी आहे, सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'तली मित्रमंडळी कॉलेजच्या कट्ट्यावरची आहेत आणि प्रकाश नारायण संतांचा लंपन 'वनवास'मध्ये (१९९४) भेटतो तेव्हा तो अजून लहान आहे. ही रिकामी जागा मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' या कादंबरीने भरून काढली. मौज प्रकाशन गृहाने २००४ साली ती प्रसिद्ध केली.

कथानक सांगायचे तर फार थोडे आहे. निवेदक मुकुंद जोशी नववीत शिकतो. सुऱ्या, चित्रे आणि फावड्या हे त्याचे मित्र. अर्धवट बांधलेली एक इमारत हा या चौकडीचा अड्डा. वर्गातली शिरोडकर जोशीला आवडते, केवडा सुऱ्याला आवडते. मुलींचा उल्लेख आडनावाने करायचा, 'लाइन' हा शब्द हलक्या आवाजात उच्चारायचा आणि समोरासमोर आल्यावर मात्र तोंडातून अक्षर फुटू द्यायचे नाही, हे त्या काळातल्या सहशिक्षणाचे अलिखित नियम बोकिलांनी नेमके टिपले आहेत. मुले-मुली एका वर्गात बसत. परंतु त्यांनी एकमेकांशी बोलणे हीच एक घटना असे. जोशीचे प्रेम बव्हंशी वाट पाहण्यात, वेळ साधण्यात आणि दुरून दिसण्यात खर्ची पडते. शिरोडकर आपल्याला केवळ त्याच्याच नजरेतून दिसते. तिच्या मनात नेमके काय चालले असेल, हे वाचकालाही त्याच्याइतकेच कळते.

लेखकाने दहावी न निवडता नववी निवडली, यात मोठी मार्मिकता आहे. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली. दहावी म्हणजे बोर्ड, आणि बोर्ड म्हणजे घरादाराची चिंता. नववी हे त्याआधीचे अखेरचे मोकळे वर्ष. शाळा अजून संपलेली नाही, पण ती संपणार आहे याची चाहूल लागलेली आहे. वार्षिक परीक्षेनंतर शिरोडकरचे कुटुंब गाव सोडून जाते आणि जोशीला दहावीकडे एकट्यानेच वळावे लागते. प्रेमभंग म्हणावा असे काही घडतच नाही. मोठ्यांच्या जगातला एक साधा निर्णय मुलांच्या जगावरून सहज फिरून जातो.

काळ आणीबाणीचा आहे (जून १९७५ ते मार्च १९७७). या पार्श्वभूमीचे राजकीय रूपक करण्याचा मोह समीक्षकांना होतो. ते अगदीच चूक नाही. तरी जोशीच्या दृष्टीने शिस्तीचा खरा अंमल मास्तरांच्या छडीत आणि घरच्यांच्या करड्या नजरेत आहे. दिल्ली त्याच्यापासून फार लांब आहे. मोठ्यांपैकी नरूमामाशीच त्याला मोकळेपणाने बोलता येते, आणि ती पाने कादंबरीतल्या सर्वांत प्रसन्न पानांपैकी आहेत.

भाषा हे 'शाळा'चे खरे बळ. संपूर्ण निवेदन चौदा वर्षांच्या मुलाच्या बोलीत आहे. त्यात शिव्या आहेत, टोपणनावे आहेत, मास्तरांच्या नकला आहेत. प्रौढपणी मागे वळून पाहणाऱ्या माणसाचा हळवा सूर लेखकाने कटाक्षाने टाळला आहे. ही कादंबरी कुमारांसाठी म्हणून लिहिली गेली नाही. इंग्रजी प्रकाशनव्यवहारात या वयाच्या वाचकांसाठी स्वतंत्र दालन असते. आपल्याकडे तसा प्रघात रुजलेला नाही, त्यामुळे ज्यांच्याविषयी हे पुस्तक आहे त्यांच्या हाती ते बहुधा आईवडिलांच्या कपाटातूनच पडते. त्यातल्या शिव्यांमुळे ते मुलांना द्यावे की नाही, असा संकोच काही पालकांना वाटतो. नववीतल्या मुलाला त्यातला एकही शब्द नवा नसतो, ही गोष्ट वेगळी.

या कादंबरीवरून प्रथम 'हमने जीना सीख लिया' (२००७) हा हिंदी चित्रपट निघाला. त्यानंतर सुजय डहाके दिग्दर्शित मराठी 'शाळा' आला. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. एकोणसाठाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, तर अविनाश देशपांडे यांना आधारित पटकथेचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०१२ मध्ये तो प्रदर्शित झाला.