अर्थिंगच्या तारेवरील लोखंडी पाइप : दोन्ही टोके जोडणे का आवश्यक?

इमारतीतील विद्युतयंत्रणा जमिनीशी जोडणाऱ्या तारेला इजा पोहोचू नये म्हणून ती अनेकदा लोखंडी पाइपमधून नेली जाते. मात्र, हे संरक्षक कवचच तारेच्या कामात अडथळा ठरू शकते, याची कल्पना फार थोड्यांना असते. वीज कोसळल्यास किंवा उच्चदाबाच्या वाहिनीचा घराच्या जोडणीस स्पर्श झाल्यास येणारा प्रवाह जमिनीत उतरवणे, हे या तारेचे कार्य होय.

तारेतून बदलता प्रवाह वाहू लागला, की तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. लोखंड हे क्षेत्र स्वतःत एकवटते आणि प्रवाहाला होणारा विरोध वाढतो. यालाच ‘चोक परिणाम’ म्हणतात. नेहमीच्या वायरिंगमध्ये फेज व न्यूट्रल एकाच पाइपमधून जातात, त्यामुळे त्यांची क्षेत्रे परस्परांना निष्प्रभ करतात. अर्थिंगची तार पाइपमध्ये एकटीच असते.

उपाय सोपा आहे. पाइपची दोन्ही टोके तारेशी विद्युतदृष्ट्या जोडली, की पाइप हाच समांतर मार्ग बनतो व बराचसा प्रवाह त्यातूनच वाहतो. एकच टोक जोडल्यास चोक परिणाम कायम राहतो.

अमेरिकेत १८९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या व दर ३ वर्षांनी सुधारल्या जाणाऱ्या ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’च्या २५०.६४ (ई) या कलमात हे बंधन आहे. लोखंडी पाइप पेटीपासून जमिनीतील इलेक्ट्रोडपर्यंत अखंड असावा, दोन्ही टोकांना जोडलेला असावा आणि जोडतार आतील तारेपेक्षा बारीक नसावी, असे ते सांगते. जोडाच्या जागेवरील रंग खरवडून काढणेही आवश्यक असते. पीव्हीसी पाइप चुंबकीय नसल्याने त्याला ही अट लागू नाही; मात्र मार बसण्याची शक्यता असलेल्या जागी तो जाड भिंतीचा, ‘शेड्यूल ८०’ प्रतीचा लागतो.

भारतात अर्थिंगसाठी ‘आयएस ३०४३’ ही संहिता असून २०१८ मध्ये ती सुधारण्यात आली. संहिता देशागणिक वेगळ्या असल्या, तरी चुंबकत्वाचा नियम सर्वत्र एकच आहे. त्यामुळे सोसायटीच्या मीटर-खोलीतून निघणारी अर्थिंगची तार लोखंडी पाइपमधून जात असेल, तर परवानाधारक कंत्राटदाराकडून दोन्ही टोकांची जोडणी तपासून घ्यावी. ही तार स्वतः सोडवून पाहण्याचा प्रयत्न मात्र कदापि करू नये. तो जिवावर बेतू शकतो.