ब्ल्यूखरने फेडलेला एहसान

'एहसान' हा शब्द वर्गात आला की मुलं लगेच मराठीत 'उपकार' म्हणतात. चूक नाही. पण उर्दूत 'एहसान जताना' असंही म्हणतात, म्हणजे केलेल्या उपकाराची आठवण करून देत समोरच्याची मान खाली घालायला लावणं. ज्याने कधीच एहसान जताया नाही असा माणूस सांगा, असं एका मुलीने विचारलं. मी डॉमिनिक लारेचं नाव घेतलं. वर्गात कुणी ते ऐकलेलं नव्हतं.

लारे नेपोलियनच्या फौजेतला सर्जन. त्याच्याआधी जखमी सैनिक लढाई संपेपर्यंत मैदानातच पडून राहत. लारेने घोड्यांच्या हलक्या गाड्या केल्या आणि लढाई चालू असतानाच जखमींना उचलायला सुरुवात केली. उपचाराचा क्रम जखमेवर ठरे. हुद्दा कोणता, गणवेश आपला की शत्रूचा, हे तो पाहत नसे.

१७९८ मध्ये तो नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण ही स्वारी आपण 'ज्ञानाची मोहीम' म्हणून वाचतो. १७९९ मध्ये याफ्यात शरण आलेले हजारो कैदी याच नेपोलियनच्या हुकमाने मारले गेले. प्लेगच्या आपल्याच रुग्णांना अफू देऊन संपवावं, असं त्याने सुचवलं तेव्हा फौजेचा मुख्य वैद्य देजनेत याने साफ नकार दिला. त्याच वर्षी नेपोलियन गुपचूप फ्रान्सला निघून गेला. लारे मात्र १८०१ पर्यंत फौजेसोबत तिथेच राहिला.

या सेनापतीसमोर लारे एकदा खरोखर उभा राहिला, तो १८१३ मध्ये. जर्मनीतल्या लढायांनंतर नव्याने भरती झालेल्या अडीच हजारांहून अधिक पोरांच्या हाताबोटांना जखमा आढळल्या. घरी जाता यावं म्हणून यांनी स्वतःच गोळ्या मारून घेतल्या, असा वरिष्ठांचा आरोप होता आणि शिक्षा होती मौतीची. लारेने तपासणी मागून घेतली. एकेक हात पाहिला आणि सांगितलं की पोरं निर्दोष आहेत. पुढच्या रांगेतल्यांच्या खांद्यावरून मागच्या अडाणी रांगा गोळ्या झाडत होत्या, त्यात ही बोटं गेली. बादशहाला हवा होता त्याच्या उलट हा निकाल होता. तरीही नेपोलियनने त्याला हिरे जडवलेली आपली तसबीर आणि ३ हजार फ्रँकचं पेन्शन दिलं. हे मी त्याच्या बाजूला मांडतो.

मग १८ जून १८१५, वॉटर्लू. फ्रेंच हरले आणि जखमी लारे प्रशियन घोडेस्वारांच्या हाती सापडला. अंगलट आणि कोट पाहून त्यांना आधी तो नेपोलियनच वाटला. तो नाही हे कळल्यावर चिडून गोळी घालायचं ठरलं. डोळ्यांवर पट्टी बांधायला एक प्रशियन सर्जन पुढे आला आणि चमकला. बर्लिनमध्ये त्याने लारेची व्याख्यानं ऐकली होती. त्याने रदबदली केली, आणि कैदी सेनापती ब्ल्यूखरपुढे गेला.

ब्ल्यूखर फ्रेंचांचा कट्टर वैरी. वय ७२. दोनच दिवसांपूर्वी लिनीच्या लढाईत तो घोड्याखाली सापडून ठेचकाळला होता. दया दाखवायला त्याच्याकडे काहीच कारण नव्हतं, एक सोडून. आधीच्या एका लढाईत त्याचा मुलगा जखमी होऊन फ्रेंचांच्या हाती लागला होता, आणि लारेने त्याच्यावर उपचार करून त्याचा जीव वाचवला होता. ब्ल्यूखरने लारेला कपडे दिले, पैसे दिले आणि सोबत पहारा देऊन सुखरूप रवाना केलं. हकिकत लारेने स्वतःच पुढे लिहिली. 'मी तुमच्या मुलाला वाचवलं' असं सांगायची वेळ त्याच्यावर आली नाही, हे ऐकून ती मुलगी हसली.

लढाईनंतर नव्या सरकारने त्याचं पेन्शन बंद केलं, ते १८१८ मध्ये परत मिळालं. नेपोलियनने मृत्युपत्रात त्याला १ लाख फ्रँक ठेवले आणि आपल्याला भेटलेला सर्वांत सद्गुणी माणूस म्हणून त्याचा उल्लेख केला.

१८४२ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, तो लष्करी इस्पितळं तपासायला अल्जीरियाला गेला. फ्रान्सने तो देश १८३० पासून बळकवायला घेतला होता, आणि तिथल्या जखमींचा विचार त्याने केला असेल का, असं एका मुलाने विचारलं. परतीच्या वाटेवर ल्योंमध्ये लारे वारला. बादशहाजवळ दफन व्हावं, ही त्याची इच्छा होती. ती १९९२ मध्ये पुरी झाली.