गव्हाणीतली बातमी

पहाटेचे चार वाजलेत. तुम्ही ज्या मुंबईतून आलात, तिथे या वेळी महालक्ष्मीभोवतीच्या टॉवरांच्या माथ्यावर लाल दिवे लुकलुकत असतात. इथे काळोख आहे, आणि तो मुद्दाम केलेला आहे. साल १९४३. लढाई चालू आहे, शहरात ब्लॅकआउट आहे. वरळीकडून खारा वारा येतोय, परळच्या बाजूनं गिरण्यांचा धूर. या दोन्हींच्या मधोमध लीद, ओलं गवत आणि मालिशचं तेल यांचा वास लागतो. त्या वासाच्या मागे चालत राहा, तबेले आपोआप सापडतील.

आज दुपारी इथे पहिली इंडियन डर्बी धावायची आहे. हे मैदान १८८३ पासूनचं. टर्फ क्लबाच्या नावामागे ‘रॉयल’ लागलं ते १९३५ साली. इतकी वर्षं इथे खरा रुबाब होता तो विलायतेहून बोटीनं उतरलेल्या घोड्यांचा. आजची शर्यत मात्र फक्त इथल्या मातीत जन्मलेल्यांची. लढाईनं समुद्राची वाट अवघड केली, तेव्हा देशी पैदाशीला डर्बीचा मान मिळतोय. आपल्याकडे घरच्यांचे गुण असेच दिसतात, पाहुणे यायचे थांबले की.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, जी या आवारात कुणालाच नाही. निकाल. ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ जिंकणार आहे. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांची घोडी, पाठीवर एडगर ब्रिट नावाचा ऑस्ट्रेलियन जॉकी. टोटवर लावायला तुमच्या खिशात पाचशेची नोट आहे. पण ती खिडकीत द्यायची कशी? तिच्यावर ज्यांचं चित्र, ते या क्षणी पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये सरकारचे कैदी आहेत. आणि गंमत पाहा, त्या वाड्याचे मालक आगाखान म्हणजे इंग्लंडची डर्बी तीनदा जिंकलेला माणूस: १९३०, १९३५ आणि १९३६. नोट खिशातच राहू द्या.

तुम्ही शिरलात तो तबेला गायकवाडांचा नव्हे. इथली घोडीही आज धावणार आहे, पण तिचं नाव पुढे कुणाच्या लक्षात राहणार नाही. म्हातारा सईस कंदील घेऊन तिच्या गव्हाणीत डोकावतोय. तुम्ही बघायला पुढे सरता.

“अवो, मागनं येऊ नगा. तिला दिसंल असं, खांद्याच्या बाजूनं या.”

गव्हाणीच्या तळाशी दोन मुठी चंदी उरली आहे. तो ती बोटांनी उलटीपालटी करतो, वास घेतो, परत टाकतो. बोलत काही नाही. शर्यतीच्या जगातली सगळ्यात खरी बातमी ही. शहरभर आज टिपा विकल्या जातील, बुकी भाव वरखाली करतील, सगळ्या अंदाजांवर पैसा लागेल; पण घोड्यानं रात्री दाणा संपवला की टाकला, हे या माणसाला पहाटेच कळलेलं असतं. मग तो खाली बसतो आणि पुढच्या पायाच्या नळीमागची शीर अंगठा न् दोन बोटांत धरून वरून खाली हात नेतो. अगदी हळू. दुसरा पाय. पुन्हा पहिला. तो ऊब शोधतोय. हजारभर पौंडांचा देह भरधाव सुटला की एका क्षणी सगळा भार या एका पायावर येतो, आणि शीर दुखावणार असली तर बहुधा आधी गरम होते.

“गार हाय,” तो म्हणतो. चेहरा सैल होतो.

तुम्हाला राहवत नाही. गायकवाडांची घोडी येणार, तुम्ही सांगून टाकता. खरारा करता करता तो तुमच्याकडे पाहतोही धड नाही.

“यंल की. माझी चार पायांवर परत आली म्हंजे झालं.”

उजाडल्यावर वेळ भराभर जातो. नालबंद येतो, सरावाचे जड नाल उतरवून शर्यतीचे पातळ नाल ठोकतो. खिळा जरा आत गेला तर सगळंच संपलं, म्हणून त्या पाच मिनिटांत तबेल्यात कुणी खोकतही नाही. पुढचं गवत काढून घेतात, पाणी बेतानं. घोडीला कळतंच की आज काहीतरी आहे. कान फिरत राहतात.

दुपारी जॉकी खोगीर कवेत घेऊन काट्यावर बसतो. वजन कमी भरलं तर शिशाचे पत्रे घालायचे. जास्त भरू नये म्हणून त्यानं कालपासून जवळपास उपास काढलाय. पॅडॉकमध्ये उंची टोप्या, सोजिरांचे खाकी गणवेश, अत्तरं. रेसबुकात मालक आहे, ट्रेनर आहे, जॉकी आहे, घोड्याच्या आईबापांचीही नावं आहेत. लगाम धरून गोल गोल फिरणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव कुठल्याच रकान्यात बसत नाही.

शर्यत तुम्हाला दिसणार नाही. सईस फाटकाशी झूल घेऊन उभा राहतो, तुम्ही त्याच्या शेजारी. ऐकू येते ती फक्त गर्दी: आधी पुटपुट, मग बॅरियरच्या दोऱ्या उडाल्याचा गलका, नंतर बराच वेळ काही नाही, आणि शेवटी ग्रँडस्टँडकडून फुटलेली आरोळी. काही मिनिटांचाच मामला. निकाल माहीत असूनही तुमच्या तळहाताला घाम आलाय.

तिकडे ब्रिटभोवती झुंबड आहे. चारच वर्षांनी तो याच महाराजांच्या ‘सयाजीराव’वर बसून इंग्लंडची सेंट लेजर जिंकेल. आजोबांचं नाव दिलेला तो घोडा शिंगरू असतानाच २८,००० गिनींना घेतलेला असेल. आणि १९५१ मध्ये महाराजांची गादीच जाईल. पण इथे हे सांगून उपयोग काय? म्हातारा गर्दीकडे पाठ करून उभा आहे, मैदानाकडून परतणाऱ्या घोड्यांत आपली शोधत.

ती येते. फेसाळलेली, नाकपुड्या लाल, चाल सरळ. जॉकी उतरतो, स्वतःच खोगीर सोडतो आणि काट्याकडे निघतो. परतीचं वजन जुळल्याशिवाय कुणालाच पैसे मिळत नाहीत. सईसानं एव्हाना अंगावरचा घाम निपटायला घेतलाय. आता तासभर तिला चालवायचं, मधूनमधून दोनच घोट पाणी, नाहीतर पोट धरेल. तो खाली वाकून पुढच्या पायाच्या शिरेवर हात ठेवतो आणि तुमच्याकडे न पाहताच म्हणतो:

“हुबं काय ऱ्हायलायसा? बादली उचला.”