मयालीचं सागवान अन् धुऱ्यावरचं सागवान



हिमालयात जो मान देवदाराला, तोच आपल्या वऱ्हाडात सागवानाला. दोन्ही लाकडं तेलकट, वासाची अन् टिकाऊ. वाढई सागावर रंधा मारतो तेव्हा कातड्यासारखा उग्र वास येतो ना, तो त्या तेलाचा. त्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असते, म्हणून उधई त्याले सहसा तोंड लावत नाही. लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात छताला सागाच्या कमानी आहेत. दोन हजार वर्षांच्या आसपास झाली, अजून जागेवर आहेत.

हा गुण इंग्रजांनीही हेरला. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभारात गेला. मग अमेरिकेत यादवी (१८६१-६५) पेटली, विलायतेतल्या गिरण्यांना आपला कापूस पाहिजे झाला. १८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. पण रुळाखाली एका मैलाला अठराशे ते दोन हजार स्लीपर लागत, अन् साधं लाकूड मातीत लवकर सडे. देशात त्या कामाची मुख्य लाकडं तीनच होती: साग, साल, देवदार. तिकडे पंजाबात देवदाराचे ओंडके नदीत सोडून खाली आणत. १८६४ साली वनखातं निघालं ते बरंचसं या स्लीपरांच्या काळजीनं. पुढं मेळघाटचं सागवान राखीव झालं. पिढ्यान्पिढ्या तिथं राहणाऱ्या कोरकूंच्या कुऱ्हाडीवर बंधनं आली, हे मात्र कोणी फारसं सांगत नाही.

आता आपल्या धुऱ्याचं. जुन्या वाड्याची मयाल पाहून लोक म्हणतात, साग म्हणजे सोनं. १९९० च्या दशकात याच बोलीवर सागवान लागवडीच्या कंपन्या निघाल्या अन् कित्येकांचे पैसे बुडाले. अहो, ताकद झाडाच्या नावात नाही, मधल्या तपकिरी गाभ्यात आहे. कडेचं पांढरं लाकूड उधई खातेच. कोवळ्या झाडात पांढरंच जास्त; मयालीचं लाकूड जुन्या, मोठ्या झाडाचं होतं.

लावायचाच असेल तर निचऱ्याच्या मुरमाड धुऱ्यावर लावा. पाणी धरणाऱ्या भारी काळ्या जमिनीत साग खुंटतो. झाडांची नोंद सातबाऱ्यावर आताच करून घ्या. १९६४ च्या कायद्यानं स्वतःच्या शेतातला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही, अन् तेव्हा पहिले सातबाराच मागतात.