यकृताला वळसा

1 जून 1889 रोजी पॅरिसच्या ‘सोसिएते द बिओलोजी’च्या सभेत 72 वर्षांचे शरीरशास्त्रज्ञ ब्राऊन-सेकार यांनी एक अजब निवेदन केले. कुत्रे आणि गिनिपिग यांच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्यावर आपल्या अंगात पुन्हा बळ आले, असे त्यांचे म्हणणे होते. त्या पाण्यातल्या अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतेच. गुण आला तो विश्वासाचा. पण प्रश्न खरा होता : शरीराला जे कमी पडते, ते बाहेरून कोणत्या वाटेने द्यायचे?

1935 मध्ये ॲमस्टरडॅमला लाकर यांच्या गटाने सुमारे 100 किलो बैलांच्या वृषणांतून अवघे 10 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. त्याच वर्षी बुटेनान्ट आणि रुझिका यांनी ते कोलेस्टेरॉलपासून प्रयोगशाळेत बनवले. आता द्रव्याची टंचाई संपली. वाटेची अडचण तशीच राहिली. तोंडाने घेतलेले टेस्टोस्टेरॉन आतड्यातून थेट यकृतात जाते आणि तिथेच बहुतांश नष्ट होते. रेणूत फेरफार करून मेथिलटेस्टोस्टेरॉनची गोळी निघाली. ती यकृतातून निभावली, पण यकृतालाच अपाय करू लागली.

पुढचा सारा इतिहास म्हणजे यकृताला घातलेले वळसे. तेलात मिसळलेले प्रोपिओनेट स्नायूत टोचत, पण आठवड्यातून दोन-तीनदा. 1950च्या दशकात आलेल्या एनान्थेटने हे अंतर दोन-तीन आठवड्यांवर नेले. मात्र सुई टोचल्यावर पहिले काही दिवस पातळी नको तितकी चढे आणि पुढच्या सुईपूर्वी पार उतरे. त्याबरोबर रुग्णाचा उत्साह, कामेच्छा आणि मनःस्थितीही हेलकावे खाई. तारखा डॉक्टर लिहीत. भरती-ओहोटी घरात सोसावी लागे.

म्हणून 1990च्या दशकात त्वचेवरच्या पट्ट्या आणि 2000 साली अमेरिकेत जेल आले. रोज लावायचे असल्याने पातळी बरीच स्थिर राहू लागली. पट्टीने कातडीला खाज सुटे. जेलची जोखीम वेगळीच निघाली : बापाच्या अंगावरचे औषध कुशीत आलेल्या मुलाच्या अंगाला लागे. लहान मुलांत अकाली वयात येण्याची लक्षणे दिसल्यावर 2009 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ठळक इशारा छापायला लावला. दहा ते चौदा आठवडे पुरणारे अनडेकॅनोएटचे इंजेक्शनही आले. पण एकदा टोचलेले औषध परत काढता येत नाही. त्रास झाला, तरी ते ओसरेपर्यंत थांबणे भाग.

‘पद्धत बदलू या’ असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा मागे हा सव्वाशे वर्षांचा हिशेब असतो. प्रत्येक बदलाने एक ओझे उतरवले आणि दुसरे चढवले : यकृतावरचे स्नायूवर, स्नायूवरचे त्वचेवर, तिथून घरातल्या माणसांवर. त्यामुळे सर्वांत चांगली पद्धत कोणती, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही. कोणते ओझे आपण रोज वाहू शकतो, हे ज्याच्या देहात ते औषध जाते त्यालाच विचारावे लागते.